मामाचा नववा नियम

आमच्या विद्यापीठाच्या तळमजल्यावर, सायकल स्टँडकडे उघडणाऱ्या एकुलत्या एका खिडकीचा संगणक कक्ष आहे. त्यात चाळीस संगणक, त्यांतले एकतीस चालू, आणि माझा मामा. मामाला चालूमध्ये धरायचं की बंदमध्ये, यावर मुलांमध्ये दोन तट आहेत.

मामा सव्वीस वर्षं त्या खोलीचा रखवालदार, वैद्य, पोलीस आणि पुजारी आहे. तो आला तेव्हा चार संगणक होते. त्यांच्या कापडी टोप्या मामीने शिवल्या होत्या आणि मामा रोज संध्याकाळी त्या चढवताना "निजा आता" म्हणायचा, असं मामीच सांगते. खिशाला तीन पेनं, त्यांतलं एक उमटतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे तो येण्याआधी त्याचा आवाज येतो. मुलं त्याला पाठीमागे 'चौदा' म्हणतात. "चौदा आला रे!" की सगळे खेळ बंद आणि सगळ्यांच्या पडद्यावर अभ्यास.

चौदा का, तर भिंतीवर संगणक वापराचे चौदा नियम आहेत. विद्यापीठाने पाठवले होते इंग्रजीतून, मामाने ते मराठीत आणले आणि आणता आणता त्यांत स्वतः शिरला. "नियम चार! संगणक बंद करताना त्याचा गळा दाबू नये, रीतसर निरोप द्यावा." "नियम सात! हेडफोनमधून शेजाऱ्याला ऐकू येणारं गाणं, हे हेडफोनमधलं गाणं नव्हे." "नियम नऊ! पासवर्ड बदलून हवा असल्यास स्वतः ओळखपत्र घेऊन यावे; ओळख असली तरी." हे सगळं तो दर वर्षी नव्या मुलांना उभं करून, एका दमात, प्रत्येक नियमानंतर किल्ल्या हलवून वाचून दाखवतो.

मी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आणि मामाकडेच राहायला आले. आईने निघताना दोन गोष्टी बजावल्या: मामाला त्रास द्यायचा नाही आणि कोणाच्या नकला करायच्या नाहीत. तिला ठाऊक नव्हतं की माझ्या बाबतीत या दोन गोष्टी एकच आहेत. पहिल्या आठवड्यात मी जिन्यात उभी राहून किल्ल्या वाजवत नियम चार म्हणून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात जिना भरला. मला वाटलं, लोक माझ्या कलेसाठी येतात. लोक मामासाठी येत होते, मी नुसती वायर होते. पण हे समजायला डोकं लागतं, आणि माझं सगळं भांडवल घशात.

घरी मामीने एकदा पकडलं. "अगं ए भोंग्या, तुझा मामा इतका खाकरत नाही."

"मामी, खाकरल्याशिवाय टाळी मिळत नाही."

"टाळी हवी तर खाकर. मामा हवा तर थांब. नियम तीननंतर ते श्वास घेतात. तू घेतच नाहीस."

मी ते कानाआड केलं. कलावंताला घरच्यांची किंमत नसते वगैरे.

तर आता माझ्या अधःपतनाकडे. आमच्या प्रत्येक खात्याला एका सत्रात पन्नास पानं छापायला मिळतात. मी त्यांतली अठ्ठेचाळीस माझ्या 'एका घशात बारा माणसं' या कार्यक्रमाच्या जाहिरातीवर उडवली. अठ्ठेचाळीस जाहिराती, प्रेक्षक आले नऊ. त्यांतले दोन दार चुकले होते. उरली दोन पानं. आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमकडे द्यायचा प्रकल्प होता बावीस पानांचा, त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. फाटकाबाहेरच्या एकमेव छपाईवाल्याने दुकानावर 'मशीन दुरुस्तीला गेले आहे' अशी पाटी लावली होती. हाताने लिहिलेली, अर्थात.

मी कक्षात गेले. कक्षात मामा मला 'तुम्ही' म्हणतो.

"तुमचा कोटा संपलेला आहे."

"मामा, अरे बावीसच पानं…"

"इथे कोणी मामा नाही."

"बरं, सर. बावीसच पानं."

"नियम बारा वाचा. छपाईचा."

"मला पाठ आहे नियम बारा!"

"पाठ आहे ते ऐकलंय मी. जिन्यातून." किल्ल्या वाजल्या. "वाचा म्हटलं."

म्हणजे त्याला ठाऊक होतं! माझे कान इतके गरम झाले की त्यावर कपडे वाळले असते. शरमेने माणूस सुधारतो म्हणतात. मी चिडले.

ग्रंथालयाच्या बोळात भिंतीवर एक फोन आहे, आतल्या आत बोलायचा. विद्यापीठातल्या सगळ्या खोल्या त्यावर तीन आकड्यांत लागतात. आणि मला मामाची एक पद्धत माहीत होती, जी भिंतीवर लिहिलेली नव्हती. नियम नऊ मुलांसाठी. प्राध्यापक मंडळी नुसता फोन करायची, "अहो, जरा माझा पासवर्ड," आणि मामा बदलून द्यायचा. ओळखपत्र नाही, नाव नाही, काही नाही. "मला आवाज पुरतो," असं तो अभिमानाने सांगायचा. "सव्वीस वर्षांत एक आवाज चुकलेला नाही."

आमच्या मॅडम प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसंय' या पायरीवरून चढतात. शब्द घशातून निघून नाकात थोडा वेळ विसावतात आणि मग बाहेर येतात. बोलताना त्या पेनाने चष्म्याच्या काचेवर टकटक करतात. मी पेन घेतलं, एका बेसावध मैत्रिणीचा चष्मा मागून घेतला आणि कक्षाचा नंबर फिरवला.

"हॅलो, संगणक कक्ष."

"म्हणजे कसंय…" टक टक.

पलीकडे खुर्ची करकरली. मामा उभा राहिला होता. "बोला मॅडम."

"म्हणजे कसंय, ती तुमची भाची आहे ना पहिल्या वर्षाला? फार हुशार मुलगी." इथे मी जरा वाहवत गेले, कबूल. "तिला तेवढी बावीस पानं वाढवून द्या."

"माफ करा मॅडम, जमणार नाही."

"अहो, मी सांगतेय ना!"

"दुसरी कोणी असती तर अर्ज घेऊन तुमच्याकडे पाठवला असता. ही भाची आहे. हिचा अर्जसुद्धा मी हातात धरत नाही." मग त्याने आवाज खाली आणला. "आणि हुशार म्हणताय, पण मॅडम, सांगू नये, घरात पंखा चालू ठेवून बाहेर जाते. अठ्ठेचाळीस पानं नुसत्या स्वतःच्या नावाने छापली तिने. तुम्ही जरा समजवा तिला. तुमचं ऐकेल."

मी मॅडमच्या नाकातून "हं, समजवते" म्हटलं. माझी तक्रार माझ्याकडेच नोंदवली गेली आणि मी ती गंभीरपणे स्वीकारली. फोन ठेवायची हीच वेळ होती. पण माझ्या तोंडाला एकदा चाक लागलं की ब्रेक कुठे असतो ते मलाच सापडत नाही.

"बरं, असू दे. म्हणजे कसंय, माझंच खातं उघडत नाहीये. पासवर्ड विसरले."

"इतकंच ना? लिहून घ्या मॅडम." त्याने नवा पासवर्ड एकेक अक्षर सुटं करून, दोनदा सांगितला.

"धन्यवाद," मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग मामा म्हणाला, "त्यात काय मॅडम," आणि फोन अगदी हळू ठेवला.

मी ग्रंथालयातल्या संगणकावरून मॅडमच्या खात्यात शिरले, बावीस पानं छापली आणि बाहेर पडले. मॅडमच्या पत्रव्यवहारात डोकावले नाही. दरोडा घालताना पायपुसण्याला पाय पुसावेत तसा माझा हा सभ्यपणा. पाचला पाच मिनिटं कमी असताना मॅडमच्याच टेबलावर मॅडमच्याच खात्यातून छापलेला प्रकल्प ठेवला. त्या संध्याकाळी मामा घरी गुणगुणत आला. मामीने विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाला, "काही नाही गं. माणसं बदलतात." मी आत पंखा बंद करायला गेले. म्हटलं, आज तरी ती तक्रार नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरून पाच पाहुणे आले. मॅडम त्यांच्यासमोर विभागाचं वर्षभराचं काम दाखवणार होत्या. ते सगळं त्यांच्या खात्यात, आणि खातं त्यांचा जुना पासवर्ड घेईना. मी तो बदलला, हे त्यांना सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तसं सांगणार तरी कोणत्या आवाजात? पाचही पाहुणे चाळीस मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसले.

मग नोंदी निघाल्या. आदल्या दिवशी दोन वाजून वीस मिनिटांनी संगणक कक्षातून पासवर्ड बदलला. त्या वेळी मॅडम आठ जणांबरोबर बैठकीत होत्या. आणि त्यांच्या खात्यातून ग्रंथालयात बावीस पानं छापली गेली होती. कोणाची, ते यंत्र लिहून ठेवत नव्हतं. आमच्याकडे सगळ्या संगणकांवर एक बडे अधिकारी आहेत. त्यांना सर्व्हरसाहेब म्हणतात, कारण ते कायम थंड खोलीत असतात आणि कोणालाही थेट भेटत नाहीत. ते स्वतः तळमजल्यावर उतरले, यावरूनच प्रकरण समजा.

"मॅडमनीच फोन केला होता," मामा म्हणाला. "आवाज त्यांचा होता."

"मॅडम म्हणतात, केला नाही."

"आवाज त्यांचा होता."

"पहिल्या वर्षाला भाची आहे ना तुमची?" सर्व्हरसाहेबांनी असं सहज विचारलं. "प्रकल्प कालच द्यायचा होता म्हणे."

ज्या माणसाने माझा अर्जसुद्धा हातात धरला नसता, त्याच्यावर माझ्यासाठी चोरी केल्याचा संशय. शुक्रवारी अकराला चौकशी ठरली. मामाच्या नोकरीचं दीड वर्ष राहिलं होतं. आरोप टिकला तर ते दीड वर्ष त्याने भांडारात काढायचं, मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला. कक्षाची किल्ली दुसऱ्याकडे.

बुधवारी मामा अर्धी रजा टाकून कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. दुपारच्या चहाला बसलो तेव्हा त्याने कागद टेबलावर ठेवला. त्यावर दोन रेषा होत्या, एकेका कानाची एक.

"काय म्हणाले?" मामीने विचारलं.

"कान विशीतल्या मुलासारखे आहेत म्हणाले."

"मग चांगलं आहे की!"

"चांगलं कसं? कान शाबूत आहेत, तर मग वर काहीतरी बिघडलंय." त्याने कपाळाला बोट लावलं. "नसलेला फोन ऐकला मी."

"अहो, वर तर लग्नापासूनच…" मामी सवयीने म्हणाली आणि मध्येच थांबली. तिने कागदाची घडी घातली, परत उघडली, परत घातली.

हे बसल्या बसल्या सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं. बारा माणसांच्या घशातून एकाचाही आवाज येईना. मग खोलीत जाऊन तालीम केली. सर्व्हरसाहेबांच्या आवाजात कबुली दिली, तर धमकी वाटली. आईच्या आवाजात दिली, तर मलाच रडू आलं. शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणून पाहिलं. तो फार दिवस वापरात नव्हता. बारीक, चिरका, बकरीच्या पिल्लासारखा निघाला. तोच घेऊन शुक्रवारी अकराला बैठकीच्या खोलीचं दार लोटलं.

लांब टेबल. एका टोकाला मॅडम, मध्ये सर्व्हरसाहेब, आणि समोर मामा, धुतलेला शर्ट, तिन्ही पेनं जागेवर. किल्ल्यांचा जुडगा त्याने आधीच काढून टेबलावर ठेवला होता.

"फोन मी केला," मी बें बें करत म्हटलं. "मॅडमच्या आवाजात. मामाला काहीच माहीत नव्हतं."

मामाने वळून माझ्याकडे पाहिलं. तो ओरडला असता तर मी वाचले असते. तो नुसता पाहत राहिला.

सर्व्हरसाहेब हसले. "वा! घरचाच साक्षीदार. बाळ, मामाला वाचवायला आलीस, चांगलं आहे. पण सव्वीस वर्षं ऐकलेला आवाज एक पोर काढते, हे कोणाला पटेल?"

"काढून दाखवते."

"इथे समोर नको, समोर दिसतं ना." त्यांनी टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. "तुम्ही दोघी शेजारच्या खोलीत जा. एकेकीने फोन करा. कोण कोणती, ते मी सांगतो."

मॅडम उठल्या. शेजारच्या खोलीत मी आणि मॅडम, मध्ये एक फोन. आयुष्यात इतकी लांब दोन मिनिटं मी पाहिलेली नाहीत. मॅडमनी आधी फोन लावला. पलीकडे तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे भिंतीतूनही ऐकू येत होतं.

"म्हणजे कसंय, ही चौकशी लवकर संपवा, मला तास आहे." टक टक.

"ही पोरगी!" भिंतीपलीकडून सर्व्हरसाहेब जोरात म्हणाले. "लगेच कळतं. मॅडम इतक्या नाकात बोलत नाहीत हो. फारच ओढूनताणून काढलाय."

मॅडमनी फोन माझ्याकडे दिला. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही, मला अजून तीन वर्षं तिथे शिकायचंय.

मी त्यांचंच पेन मागितलं. त्यांनी दिलं, आणि चष्माही काढून दिला. "म्हणजे कसंय, त्या मुलीला जाऊ द्या आता. आणि तिच्या मामांनाही. बराच वेळ गेला." टक टक. "धन्यवाद."

खुर्ची करकरली. "होय मॅडम! लगेच मॅडम!" सर्व्हरसाहेब उभे राहिले होते.

आम्ही दोघी दारात आलो तेव्हा ते अजून उभेच होते आणि मामा बोलत होता. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"चुकलात साहेब. आताची आमची होती."

"कशावरून?"

"मॅडम फोनवर धन्यवाद म्हणत नाहीत. सव्वीस वर्षांत कधी म्हणाल्या नाहीत." मामा किल्ल्यांकडे बघत होता. "त्या दिवशी म्हणाल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं म्हणजे थोडं कळलंही होतं. पण बरं वाटलं, म्हणून विचारलं नाही. मग म्हणू लागलो, कानच गेले. नववा नियम मी लिहिला साहेब, आणि मास्तर लोकांसाठी मीच मोडत आलो. हिने केलं ते हिचं. पण दार मी उघडं ठेवलं होतं."

मॅडमच्या हातात पेनही नव्हतं आणि डोळ्यांवर चष्माही. दोन्ही माझ्या मुठीत. मी ते टेबलावर ठेवले, शक्य तितक्या बिनआवाजाने.

निकाल असा लागला. माझं खातं एका सत्रापुरतं बंद. प्रकल्प पुन्हा करायचा, हाताने लिहून, बावीस पानं. जिन्यातले कार्यक्रम बंद. आणि महिनाभर रोज एक तास संगणक कक्षात बसून चौदा नियमांच्या नव्या प्रती सुवाच्य अक्षरात लिहायच्या, प्रत्येक टेबलासाठी एक. चाळीस. बंद संगणकांनाही हव्यात, मामा म्हणाला, ते काय नियमातून सुटले का? मामा कक्षातच राहिला. सेवापुस्तकात एक ठपका आणि टेबलावरचा फोन जप्त. आता पासवर्ड हवा तर ज्याचा त्याने खाली यायचं.

दोन आठवड्यांनी सर्व्हरसाहेबांनी सगळ्यांचेच पासवर्ड रद्द केले आणि प्राध्यापक मंडळी सायकल स्टँडच्या बाजूने रांगेत आली. मी कोपऱ्यात एकोणिसाव्या प्रतीवर होते. मॅडमचा नंबर लागला.

"ओळखपत्र?" मामाने विचारलं.

"म्हणजे कसंय, तुम्ही मला…"

"नियम नऊ, मॅडम. ओळख असली तरी."

मॅडमनी पर्समध्ये बराच वेळ शोधून ओळखपत्र काढलं. मामाने फोटो पाहिला, मॅडम पाहिल्या, पुन्हा फोटो पाहिला. मग पासवर्ड कागदावर लिहून दिला. मॅडमनी कागद घेतला, दारापर्यंत गेल्या, तिथे वळल्या. माझं पेन हवेत थांबलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी चहाला मामा खुशीत होता. "आज मॅडम आल्या होत्या," तो मामीला म्हणाला. "रांगेत उभ्या राहून. जाताना दारातून वळून धन्यवाद म्हणाल्या."

मामीने माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

मामाही माझ्याकडे बघत होता. "ही होती ना तिथेच. ऐकलंस ना गं?"

हा शब्द मॅडमच्या तोंडी एकदा मी चुकून घातला होता; आता मुद्दाम घातला. "ऐकलं ना," मी म्हटलं. "स्पष्ट म्हणाल्या."

"करून दाखव हिला."

"मला बंदी आहे, मामा."

"ती जिन्यात. हे घर आहे."

मी चमचा कपावर दोनदा वाजवला. शब्द घशातून काढला, नाकात नेऊन जरा बसवला, आणि मामी म्हणते तसा आधी एक श्वास घेतला. "धन्यवाद."

मामाने डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

"छे," तो म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. "मॅडमचं इतकं चांगलं नव्हतं."